उद्दिष्ट क्रमांक तीन

सोमवार, १ जुलै

ही वही कुणाला दाखवायची नाही. मोठ्या बाईंना दाखवायची ती निळी वही वेगळी. तिच्यात मी रोज सुवाच्य अक्षरात समाधानी असतो. इथे खरं लिहायचं ठरवलंय.

आमच्या मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, आज सगळ्या शिक्षकांना एकेक तक्ता वाटला. वर्षाची व्यावसायिक उद्दिष्टं लिहायची. रकाने तीन: उद्दिष्ट, कृती, पुरावा. गणिताच्या सरांनी मधल्या सुट्टीत पाच उद्दिष्टं लिहून काढली आणि वर डबाही संपवला. मी बावीस वर्षं चित्रकला शिकवतोय, पण मला काय साधायचंय हे एवढ्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

मग बाईंनी मला थांबवून घेतलं. माझी खोली संगणकांसाठी मागितली आहे म्हणे. मी तिला स्टुडिओ म्हणतो, बाकी सगळी शाळा 'ती नळवाली खोली' म्हणते. उत्तरेकडे चार खिडक्या, रंग बसून बसून खरबरीत झालेली आठ टेबलं, आणि बंद केल्यावरही थोडा वेळ विचार करत राहणारा नळ. सप्टेंबरात शिक्षण मंडळाचे निरीक्षक येतील, सहावीच्या मुलांचं प्रदर्शन बघतील आणि खोली कुणाची ते ठरवतील. खोली गेली तर मी पिशवी खांद्याला लावून वर्गावर्गात हिंडायचं आणि मुलांनी बाकावर, कोपराला कोपर लावून चित्रं काढायची. बाई म्हणाल्या की त्या माझ्याच बाजूच्या आहेत, फक्त मी त्यांच्या हातात काहीतरी द्यायला हवं.

मंगळवार, २ जुलै

पहिलं उद्दिष्ट: ब्रश धुऊन, दांडा खाली आणि केस वर करून ठेवणे. दुसरं: पाण्याचे डबे न सांडणे. ही दोन्ही साधली तरी खोलीचं नशीब बदलेल असं वाटत नाही, पण रकाने भरले.

तिसरं सुचेना म्हणून तक्ता घरी आणला. बायको हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे, लोकांना पुन्हा चालायला शिकवते. तिनं तक्ता वाचला आणि विचारलं, मुलांच्या चित्रांना हात लावायचं कधी बंद करणार? मी म्हटलं, मी हात लावत नाही, सुधारतो. ती म्हणाली, "माझा पेशंट अडखळला म्हणून मी त्याच्याऐवजी चालून दाखवत नाही हो."

रागाच्या भरात लिहून टाकलं. उद्दिष्ट तीन: विद्यार्थ्याच्या चित्राला शिक्षक हात लावणार नाही. पुरावा: चित्रं. कानाला खडा.

शुक्रवार, ५ जुलै

सहावीचा पहिला तास. मुलं अडतीस. विषय दिला, 'माझं घर'. प्रदर्शनही याच विषयाचं करायचं, म्हणजे दोन महिने एकाच कागदावर सावकाश काम होईल.

खिडकीजवळ मुंगी बसते. हे नाव ती पाचवीत असताना मीच ठेवलं. एवढा मोठा ड्रॉइंग पेपर दिला तरी ती खालच्या कोपऱ्यात नखाएवढं काहीतरी काढते आणि उरलेला कागद तसाच कोरा ठेवते. आता सगळी मुलं तिला मुंगी म्हणतात आणि तीही ओ देते. आजही तिनं कोपऱ्यात काहीतरी खरडलं होतं. मी हात पाठीमागे बांधून तिच्या टेबलापाशी उभा राहिलो. पूर्ण तासभर कुणाच्याही कागदाला स्पर्श केला नाही. घरी येऊन कॅलेंडरवर फुली मारली.

बुधवार, १७ जुलै

आज हात लावला नाही. ब्रश लावला.

एका मुलाच्या घराची भिंत अशी कलली होती की आतल्या माणसांची काळजी वाटावी. पडत्या भिंतीला टेकू देणं म्हणजे हात लावणं नव्हे. दोन रेघा मारल्या आणि नेहमीचं वाक्य आपोआप तोंडातून निघालं, "एवढंच. आता बघ, झालं की नाही छान?" मुलगा हो म्हणाला. मुलं नेहमी हो म्हणतात.

मग शेजारच्या मुलीचं छप्परही बसवावं लागलं, नाहीतर पक्षपात झाला असता. मुंगीला घर मोठं करून दाखवलं, दार, दोन खिडक्या, पायऱ्या. तिनं शांतपणे बघून घेतलं. मला वाटतं तिला पटलं. तिचा कोपरा मी पांढऱ्या रंगानं झाकला, आता कागद कसा भरल्यासारखा वाटतो. कॅलेंडरवर अर्धी फुली मारली.

गुरुवार, २५ जुलै

एक चांगली सवय लागलेली दिसते. तासाच्या सुरुवातीला गठ्ठ्यातून आपापला कागद शोधताना मुलं सगळे कागद पालथे करून बघतात. कागद दोन्ही बाजूंनी तपासून घ्यावा असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. बोललेलं वाया जात नाही म्हणायचं. निळ्या वहीत 'साहित्याविषयी जाण वाढली' असं लिहिलं.

पण कागदच धड नाही. चित्रांवर भलत्याच ठिकाणी डाग उमटतायत. स्वच्छ आकाश रंगवून ठेवावं आणि दुसऱ्या आठवड्यात त्यात काळपट ठिपके. मुंगीच्या चित्राला तर गोवर आल्यासारखं झालंय. प्रदर्शन सहा आठवड्यांवर आलं आणि कागद असा दगा देतो.

शिवाय मी टेबलाजवळ गेलो की मुलं पटकन कागद सरळ करतात. धाक आहे अजून.

सोमवार, ५ ऑगस्ट

शाळा सुटल्यावर मुंगीचं डागाळलेलं चित्र घेऊन कागदवाल्याकडे गेलो. वीस वर्षांची ओळख, तरी आज स्पष्ट बोललो. म्हटलं, हा कागद आहे की गाळणं? इकडचा रंग तिकडे जातो.

त्यानं कागद हातात घेतला, दुकानाच्या दाराशी नेऊन उजेडात धरला आणि बराच वेळ बघत राहिला. मग गालातल्या गालात हसायला लागला. म्हणाला, "सर, कागद चांगला आहे. तुम्ही जरा असा धरून बघा ना." मी बावीस वर्षं कागद हाताळतोय आणि हा मला कागद कसा धरायचा ते शिकवणार. कागद त्याच्या हातातून घेतला, गुंडाळला आणि चालू लागलो. मागून त्यानं हाक मारली, मी वळलोसुद्धा नाही. एकदा तोंड फिरवलं की फिरवलं.

शनिवार, १७ ऑगस्ट

घरी कडाक्याचं भांडण झालं, तेही एका चमच्यामुळे. बायकोनं टेबल मांडलं होतं, मी जाता जाता एक चमचा सरळ केला. एवढंच. ती म्हणाली की गेली काही वर्षं ती एक चमचा मुद्दाम वाकडा ठेवते, मला सरळ करायला काहीतरी मिळावं म्हणून. मग मी शांत जेवतो.

पुढे तिनं विचारलं, मी स्वतःचं चित्र शेवटचं कधी काढलं. मी म्हटलं, एक चालू आहे. ते कपाटामागे आहे, तोंड भिंतीकडे करून ठेवलेलं. ती म्हणाली, "अकरा वर्षं झाली त्याला." मी म्हटलं, वाळतंय.

ती हसली नाही. मलाही ते फारसं विनोदी वाटलं नाही. ते चित्र का थांबलं ते मला पक्कं आठवतं. एका माणसाचा हात जमत नव्हता आणि माझ्याजवळ उभं राहून तो सुधारून देणारं कुणी नव्हतं. दुसऱ्यांच्या घरांची छपरं बसवणं त्याहून सोपं असतं. हे लिहिलं खरं, पण त्याचा शाळेतल्या उद्दिष्टाशी काही संबंध नाही.

मंगळवार, २७ ऑगस्ट

उद्दिष्ट क्रमांक तीन तूर्त स्थगित.

कारण आहे. गेल्या आठवड्यात मोठ्या बाई खोलीत डोकावल्या. चित्रं बघून 'मुलांच्या मानानं बरी आहेत' म्हणाल्या. खोली मुलांच्या मानानं वाचणार नाही. त्याच दुपारी संगणकवाले दोघं टेप घेऊन आले आणि माझ्या खिडक्यांची मापं घेऊन गेले. उजेड फार आहे म्हणे, पडदे लावावे लागतील. उत्तरेच्या उजेडाला पडदे. मी तिथेच बसलो आणि अडतीस कागदांचा गठ्ठा पुढे ओढला.

तेव्हापासून रोज शाळा सुटल्यावर दीड तास बसतोय. भिंती सरळ, सावल्या एका बाजूला, दारांना कड्या. डागांवरही उपाय सापडला: जिथे डाग तिथे पक्षी. आकाशात डाग असेल तर उडता कावळा, छपरावर असेल तर बसलेला, भिंतीवर असेल तर भिंतीत एक खिडकी पाडून तिच्यात पिंजरा. झाकली मूठ सव्वा लाखाची. मुंगीच्या चित्रात सतरा पक्षी झाले, पण घर जिवंत वाटतं.

हात शिवशिवत होते ते आता शांत आहेत. खोटं का लिहू, बऱ्याच दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

सगळी चित्रं तयार आहेत आणि सुंदर आहेत. मी ती जाड पुठ्ठ्यावर डिंकानं चिकटवायला काढली, तर वर्गात अचानक कुजबुज सुरू झाली. दोन मुलींचे चेहरेच उतरले. शेवटी मुंगी उठून उभी राहिली. ही मुलगी वर्षभरात चार वाक्यं बोलली असेल. म्हणाली, "सर, डिंक नको ना. दोरी बांधून चिमटे लावू." मागून सगळ्यांनी, चिमटे, चिमटे.

डिंकानं हात चिकट होतात म्हणून ही टाळाटाळ, हे मी ओळखलं. पण मुलांनी पहिल्यांदाच मांडणीत रस घेतला, तेव्हा मानलं. शिपाईमामांनी खोलीत या टोकापासून त्या टोकापर्यंत दोऱ्या बांधून दिल्या. चित्रांवर नाव लिहायचं नाही असा माझा नियम आहे, चित्र खराब होतं. मी नावांच्या सुबक चिठ्ठ्या केल्या आहेत. कोणतं चित्र कुणाचं हे आता मलाही नीटसं सांगता येईना, म्हणून चिठ्ठ्या सोमवारी सकाळी मुलांनीच लावायच्या असं ठरलं.

रविवार, ८ सप्टेंबर

शर्टाला इस्त्री केली. दोनदा. बायकोनं विचारलं, उद्या खोली वाचली तर कुणामुळे वाचेल? मी म्हटलं, मुलांच्या चित्रांमुळे. ती बरं म्हणाली.

सोमवार, ९ सप्टेंबर

जमेल तेवढं जसं घडलं तसं लिहितो.

निरीक्षक अर्धा तास आधीच आले. साठीचे, बारीक अंगाचे, हातात रुमाल. मोठ्या बाई त्यांच्या मागून जवळजवळ धावत. मुलं चिठ्ठ्या हातात घेऊन उभी होती, अजून एकही लागली नव्हती. मी आवराआवर करायला लागलो तर ते म्हणाले, असू दे, मुलांना त्यांचं काम करू द्या, मी बघतो. आणि खुर्ची घेऊन बसले.

कुणीच हलेना. मी म्हटलं, अरे लावा की, लाजता काय. मग मुलं निघाली. एक मुलगा एका घरासमोर थांबला, मान तिरकी करून बघितलं आणि पुढे सरकला. एकाच चित्राखाली तिघं जण उभे राहिले आणि एकमेकांकडे बघायला लागले. एक मुलगी दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन वेळा जाऊन आली आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू उत्तर मलाच ठाऊक असणार. अडतीस मुलं आणि एकालाही स्वतःचं घर सापडत नव्हतं.

निरीक्षकांनी रुमालानं चष्मा पुसला. म्हणाले, हात चांगला आहे, एकाच माणसाचा दिसतो. आणि कावळे फार आहेत. मोठ्या बाई जमिनीकडे बघत होत्या. मला वाटलं, संपलं. संगणकवाल्यांचा टेप डोळ्यांपुढे आला.

तेवढ्यात मुंगी पुढे झाली. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं. रागानं नाही, माझी काळजी वाटत असल्यासारखं, आणि तेच मला सहन झालं नाही. मग तिनं दोरीवरचा पहिला कागद खालून धरून उचलला, मागे बघितलं आणि शेजारच्या मुलाला म्हणाली, हे तुझं. दुसरा उचलला, हे हिचं. धडाधड नावं सांगत गेली, एकही चुकलं नाही.

निरीक्षकांनी विचारलं, मागे काय आहे? मुंगी म्हणाली, "पुढची बाजू सरांची असते. मागची आमची."

सगळ्या वर्गाला माहीत होतं. पहिल्या महिन्यापासून. माझे कान असे तापले की ते लाल दिसत असणार याची मला खात्री होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो मी. कागदवाल्याशीसुद्धा भांडून आलो.

निरीक्षक उठले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं पहिला चिमटा काढून कागद उलटा लावला. मग दुसरा. मग मुलांनी भराभर सगळे उलटे केले. अर्ध्या कागदांवर माझ्या रंगांचे धब्बे मागून आले होते, भिंती कललेल्या होत्या, माणसं दारांपेक्षा मोठी होती. एकाचे वडील स्टुलावर पाय टाकून झोपलेले, तोंड उघडं. एकाकडे आजोबांची कवळी ग्लासात, आणि तो ग्लास घराएवढा. एका आईच्या कानाला फोन आणि त्या फोनची तार सगळ्या खोल्यांमधून फिरून पुन्हा आईपाशी आलेली. एकही घर दुसऱ्यासारखं नव्हतं. माझा प्रत्येक कावळा नेमका कशावर बसवला होता ते मला एकेक करून दिसत गेलं.

मुंगीनं टेबलाखालून दिसतं ते घर काढलं होतं, शाईच्या बारीक टिंबांनी, पण पूर्ण कागदभर. एका कोपऱ्यातसुद्धा कोरी जागा नव्हती. फक्त पाय. आईचे भेगा पडलेले, वडिलांचे बुटातले, आजीचा एक पाय सुजलेला. आणि एका खुर्चीखाली नुसत्याच मोठ्या चपला. मी विचारलं. दादाच्या, म्हणाली, तो दुसऱ्या गावी कामाला गेलाय, चपला इथेच ठेवून गेलाय. त्या चपलांवर माझ्या बाजूनं पिंजरा होता. मला रडू आलं आणि मी ते नळाच्या दिशेला तोंड करून निभावलं.

निरीक्षक तासभर बसले. जाताना बाईंनी त्यांना माझा तक्ता दाखवला, तशी तो दाखवण्याची काही गरज नव्हती. त्यांनी तिसरं उद्दिष्ट वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "हे कोण पाळणार होतं?" मी म्हटलं, मी. हो, हो, म्हणाले.

मंगळवार, १० सप्टेंबर

बायकोला सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग मुंगीच्या चपलांचं तिनं पुन्हा सांगायला लावलं. सकाळी शाळेत जाताना कागदवाल्याकडे थांबलो आणि माफी मागितली. त्यानं चहा मागवला. मी विचारलं, तेव्हाच सरळ का नाही सांगितलं? म्हणाला, हाका मारल्या होत्या, सर.

तासाला अडतीस मुलांपुढे उभा राहिलो आणि म्हटलं, माझं चुकलं. मुलांना बहुधा हे कुठे ठेवावं ते कळेना. एकानं विचारलं, सर, मग पुढच्या बाजूला काढू का आता? हो म्हटलं. पटत नव्हतं त्याला, दिसत होतं.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

खोली राहिली. एका वर्षासाठी, मग पुन्हा बघू, असं पत्र आलं. मोठ्या बाईंनी माझा तक्ता परत दिला. तिसऱ्या उद्दिष्टासमोर पुराव्याच्या रकान्यात त्यांनी स्वतः लिहिलंय: 'अडतीस, मागील बाजूस.' मी तो टेबलाच्या काचेखाली लावला. नळ आनंदानं गळतोय.

आज तासाला मुलांना काम दिलं आणि मीही एक कागद घेऊन आठव्या टेबलावर बसलो. हात गुंतलेले राहिले तर दुसरीकडे जाणार नाहीत, हा बायकोचा सल्ला. अकरा वर्षांनी सुरुवात काय करावी सुचेना, म्हणून समोरचा नळ काढायला घेतला. अर्ध्या तासात नळ झाला. थोडा आखडल्यासारखा होता, तोटीचा बाक जमला नव्हता, पण माझा होता. मला आतून लहान मुलासारखं वाटत होतं.

मुंगी पाणी भरायला आली आणि माझ्यामागे थांबली. बराच वेळ बघितलं. मग तिनं माझ्या हातातून अलगद ब्रश घेतला, तोटीवर दोन रेघा मारल्या आणि खाली एक थेंब लोंबकळत ठेवला.

"एवढंच, सर. आता बघा, झालं की नाही छान?"

चेष्टा नव्हती. फार मायेनं म्हणाली. आणि तोटी खरोखर सुधारली होती, ते जास्त लागलं. बावीस वर्षांत किती मुलांना हे असंच लागलं असेल याचा हिशेब मला करवेना.

हो, छान झालं, म्हटलं. ती खूश होऊन तिचा डबा घेऊन गेली.

ती जागेवर बसेपर्यंत थांबलो. इकडेतिकडे बघितलं, कुणाचं लक्ष नव्हतं. मग कागद पालथा केला आणि मागच्या बाजूला नळ पुन्हा काढायला घेतला.